तान्ह्या पोळ्याचा उमेदवार

वर्ध्यात वकील पुष्कळ होते. पण नव्यानं एलएल.बी. झालेल्या पोरांपैकी कोण खरा वकील होणार आणि कोण नुसता काळा कोट घालून बाररूममध्ये पेपर वाचत बसणार, हे सांगणारा माणूस एकच होता, आणि गंमत म्हणजे त्याचं स्वतःचं शिक्षण मराठी चौथी. त्याचं नाव रूपराव. प्रभाकरराव वकिलांचा तो मुनशी. पक्षकाराला बसवणं, त्याला पाणी देणं, कागद लावून बस्त्यात बांधणं, पेशीच्या तारखा ध्यानात ठेवणं, स्टॅम्प आणणं, नकला काढणं, म्हणजे कोर्टापुढं बोलणं सोडलं तर वकिलाचं सगळं काम मुनशीचं. हे काम तो एकोणीसशे सत्तावीसपासून करत होता. तारखांच्या बाबतीत तर त्याचा असा लौकिक की कोर्टातला रीडरसुद्धा कधीमधी त्यालाच विचारायचा.

प्रभाकररावांचं ऑफिस जिल्ह्यात नावाजलेलं. तिथं तीन-चार वर्षं उमेदवारी केली की माणूस कुठंही उभा राहू शके, म्हणून नागपूरहून पास होऊन पोरं यायची. पण साहेब स्वतः त्यांना काही विचारत नसत. पहिल्याच वर्षी त्यांनी रूपरावला सांगून टाकलं होतं की कायदा मी शिकवीन, माणूस तुम्ही पाहून द्या. तेव्हापासून मोठमोठ्या घरची, टाय लावलेली पोरं आधी या चौथी पास माणसापुढं बाकावर बसायची आणि हा खुर्चीवर. आता सांगा, एवढा मान मिळाल्यावर कोणाची मान जरा ताठ होणार नाही?

बरं, रूपराव पाहायचा काय? मार्क तर मुळीच नाही. पुस्तकातलं कलम जजसाहेबाच्याही पुस्तकात असतेच, त्याच्यात काय नवल, असं तो म्हणे. तो अक्षर पाहायचा. नागपुरात सासुरवाड आहे का ते विचारायचा, कारण तशी पोरं दिवाळीला जातात ती परत येत नाहीत, हा त्याचा अनुभव. समन्स घेऊन बेलिफ गेला आणि माणूस घरी सापडला नाही तर काय कराल, असं विचारायचा. जो घडाघडा कलम म्हणून दाखवी त्याच्याकडं बघून रूपराव मान हलवी आणि मनातल्या मनात त्याला नापास करी. जो म्हणे की शेजारच्या बाईला विचारीन तो घरी कधी येतो, त्याला चहा मिळे.

आणि मुख्य परीक्षा म्हणजे तानबा. तानबा हा जुना पक्षकार. त्याच्या वावराची केस सात वर्षांपूर्वी निकालात निघाली होती, पण ती सांगायची त्याची सवय काही निकालात निघाली नव्हती. बाजाराला आला की तो ऑफिसच्या ओसरीत येऊन बसायचा. उमेदवार आला की रूपराव म्हणायचा, यांची जरा हकीकत ऐकून घ्या, मी आलोच. आणि आत जाऊन कान देऊन बसायचा. तानबाची हकीकत त्याच्या आजोबांच्या लग्नापासून सुरू व्हायची. आजोबा मरायच्या आत ज्यानं त्याला थांबवलं, तो गेला. बहुतेकांनी आजोबांना लग्नातच थांबवलं. तानबाच्या आधीचे धरून तीस वर्षांत पाच ज्युनिअर रूपरावनं निवडून दिले. एकानं पुढं समोरच ऑफिस थाटून साहेबांचेच पक्षकार नेले, पण ते एक सोडलं तर पारख बरी ठरली होती.

साल सत्तावन्न. शेवटचा ज्युनिअर मॅजिस्ट्रेट होऊन गेला होता, आणि साहेबांना डाव्या कानानं कमी ऐकू यायला लागलं होतं. उजवीकडून जज बोलणार आणि डावीकडून साक्षीदार, म्हणजे पंचाईतच. दिवाळीच्या आत माणूस हवा होता. रूपरावनं तीन पोरांना पत्रं टाकली आणि दिवस नेमला पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा, सोमवारचा. तान्हा पोळा. त्या दिवशी गावातली लहान लेकरं लाकडी बैल घेऊन मिरवतात आणि कोर्ट बंद असतं, म्हणजे निवांत परीक्षा घेता येते.

त्याच सुमारास देवकाबाईचं अपील होतं. सेलू तालुक्यातली ही विधवा बाई. तिच्या चार एकर वावरावर दिरानं नांगर घातला होता आणि खालच्या कोर्टात ती हरली होती. अपील लिहून तयार होतं, साहेबांची सही झाली होती, बाईचा अंगठा वकीलपत्रावर होता. मुदत रविवारी संपत होती. पण शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असलं तर ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी दिलेलं चालतं, हे रूपरावला पाठ होतं. रविवारी पोळा, सोमवारी तान्हा पोळा, म्हणजे मंगळवार. साहेब मंगळवारी सकाळी येतोच म्हणून शुक्रवारी पुलगावकडं आपल्या गावी बैलांच्या पूजेला गेले. शनिवारी एकही पेशी नव्हती, तेव्हा रूपरावही केळझरला घरी गेला, आपल्या बैलजोडीला झुली घातल्या, पुरणपोळी खाल्ली, आणि सोमवारी पहिल्या मोटारीनं थेट ऑफिसात आला.

पहिला उमेदवार नागपूरच्या बड्या घरचा होता. आपल्या सासऱ्यांचं नाव त्यानं विचारायच्या आधीच सांगितलं. दुसऱ्याला तानबाच्या हवाली केलं तर त्यानं तानबालाच मुदतीचा कायदा शिकवायला घेतला. दोघांनाही रूपरावनं गोड बोलून सांगितलं, साहेबांशी बोलून कळवतो. ‘कळवतो’ म्हणजे नाही, हे ऑफिसातल्या भिंतींनाही माहीत होतं.

तिसरा एकला यायचा तो दोनला आला. उंच, सावळा, पंचविशीचा. अंगात धुतलेला सदरा, काखेत कापडी पिशवी, आणि त्या पिशवीत घडी केलेला काळा कोट. उशिराबद्दल त्यानं माफी मागितली. नाव प्रेमदास, सनद मिळून तीन महिने झालेले. अक्षर मोत्यासारखं. बेलिफाच्या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं की आधी त्या माणसाच्या बैलांचा गोठा पाहीन, बैल घरी असले तर माणूस लांब गेला नाही. रूपराव मनातून खूश झाला. मग तानबा. प्रेमदासनं आजोबांचं लग्न ऐकलं, त्यांचं मरण ऐकलं, मग दोन्ही चुलत्यांची भांडणं ऐकली, आणि सगळं संपल्यावर एकच प्रश्न विचारला की मग ते वावर आता कसते-वाहते कोण. तानबा गप्पच झाला. सात वर्षांत एकाही वकिलानं हे विचारलं नव्हतं. मग हळूच म्हणाला, मीच वाहतो ना, केस मीच जिंकलो होतो.

आत बसून रूपराव पोटभर हसला. झालं, माणूस सापडला, असं त्याला वाटलं आणि तो बाहेर आला. आता राहिलं घरदार. तुम्ही वडनेरचे, म्हणजे कोणापैकी, असं त्यानं हसत हसत विचारलं.

प्रेमदासनं सरळ सांगितलं, ‘‘डोमाजी महाराचा मुलगा मी. म्हणजे लोक अजून तसंच ओळखतात म्हणून सांगतो. गेल्या दसऱ्याला आम्ही सगळ्यांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली.’’

रूपरावच्या चेहऱ्यावरचं हसू काही लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं, पण आतून रिकामं झालं. तो वाईट माणूस होता असं नाही. कुणाला तो कधी टाकून बोलला नव्हता. पण त्याच्या डोळ्यांपुढं ओसरीतला पाण्याचा माठ आला, ऑफिसामागच्या घरात राहणाऱ्या साहेबांच्या सोवळ्यातल्या बहीण यशोदाबाई आल्या, खेड्यापाड्यांतले पाटील-देशमुख पक्षकार आले, आणि त्या सगळ्यांचं ओझं आपल्याच डोक्यावर आहे असं त्याला वाटलं. साहेबांना काय वाटतं हे त्यानं विचारलं नव्हतं. विचारायची गरजच त्याला वाटली नाही. आतापर्यंत तो प्रेमदासला ‘तुम्ही’ म्हणत होता. पुढच्या वाक्याला त्याच्या तोंडून ‘तू’ निघालं, आणि ते त्याचं त्यालाही कळलं नाही. प्रेमदासला मात्र कळलं.

‘‘ठीक हाय. साहेबाशी बोलून कळवतो तुले.’’

प्रेमदासनं पिशवी उचलली. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला की साहेब कोर्टातच भेटतील असं वाटून मी आधी तिकडं गेलो होतो, म्हणून उशीर झाला. तिथं ते दिसले नाहीत.

रूपरावला हसू आलं. आज कोर्ट कुठचं, आज तान्हा पोळा हाय, असं त्यानं ऐकवलं.

‘‘चालू आहे, मुनशीजी. आत पुकारा होत होता.’’

आता मात्र रूपरावच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन महिन्यांची सनद आणि तीस वर्षांच्या मुनशीला सुट्या शिकवतो! तहसील असंन चालू, तुले कोर्ट आणि तहसील यातला फरक तरी माहीत हाय का, असं तो तोडून बोलला. प्रेमदासनं नमस्कार केला आणि निघून गेला.

तानबा ओसरीतून म्हणाला की पोरगं बरं होतं. रूपरावनं त्याला गप्प बस म्हणून सांगितलं. पण काही केल्या त्याला चैन पडेना. त्या पोराला खोटं पाडावं, निदान आपल्यापुरतं तरी, म्हणून तो उठला आणि खिळ्याला लावलेली सुट्यांची यादी काढली.

झालं होतं असं. गेल्या नोव्हेंबरात वर्धा जुन्या राज्यातून निघून मुंबई राज्यात गेलं होतं. नवी छापील यादी जानेवारीतच ऑफिसात आली होती. रूपरावनं तिच्यात दसरा-दिवाळी तेवढी पाहिली आणि ती खिळ्याला अडकवून टाकली. तान्हा पोळाही यादीत पाहावा लागतो हे त्याच्या स्वप्नातही कधी आलं नव्हतं. सूर्य उगवतो का हे कोणी यादीत पाहतं का? आता त्यानं ऑगस्टवर बोट ठेवलं. पंधरा तारीख होती. एकोणतीसला गणेश चतुर्थी होती. आजची, सव्वीस तारीख नव्हती. त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सव्वीस नव्हतीच.

रूपरावच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे मुदतीचा शेवटचा दिवस मंगळवार नव्हे, आज. आणि आज तीन वाजून गेले होते. अपील घ्यायचं काम साडेचारला बंद. साहेब पुलगावकडं. आणि अपील वकिलानं स्वतः उभं राहून कोर्टाच्या हाती द्यावं लागतं, मुनशीचं ते काम नाही. चार एकर वावर. दर पेशीला शिदोरी बांधून पायी येणारी ती बाई. आपण सांगू ती तारीख देवानं सांगितल्यासारखी मानणारी. त्यानं देवकाबाईचा बस्ता काढला, वकीलपत्र आणि नकला आहेत का पाहिल्या, साहेबांची गळ्यात बांधायची पांढरी पट्टी आठवणीनं खिशात कोंबली आणि सायकल काढली.

कोर्टात खरंच गर्दी होती. कडुनिंबाखाली अर्ज लिहिणारे बसले होते, आणि रूपरावला पाहून एकानं विचारलंही की मुनशीजी, आज उशीर केला. तो बाररूममध्ये धावला. पोळ्याला गावी गेलेले बहुतेक वकील अजून परतले नव्हते. एक जण आत उलटतपासणीत गुंतला होता. दुसरा खुर्चीवर निवांत सुपारी कातरत बसला होता, आणि तो नेमका देवकाबाईच्या दिराचा वकील. काय मुनशीजी, असं त्यानं हसून विचारलं. काही नाही, सहजच, असं म्हणून रूपराव उलट्या पावली बाहेर आला.

आता एकच सनद उरली होती, आणि ती वडनेरला जाणाऱ्या हिंगणघाटच्या मोटारीत बसायला गेली होती.

मोटारस्टँडवर तो पोचला तेव्हा मोटारीच्या टपावर सामान चढत होतं. रूपरावचा श्वास लागला होता, टोपी कुठंतरी पडली होती. त्यानं लांबूनच हाक मारली, ‘‘वकीलसाहेब! ओ वकीलसाहेब!’’ प्रेमदासनं वळून पाहिलं नाही. त्याला तशी हाक अजून कोणी मारलीच नव्हती. शेवटी रूपरावनं जाऊन त्याचा दंड धरला.

काय झालं ते त्यानं चार वाक्यांत सांगितलं. सांगताना वर पाहायची त्याची हिंमत होईना. हा आता काय म्हणेल, तहसिलात जाऊन विचारा म्हणेल, आणि म्हणाला तर त्याचं काय चुकलं, असंच त्याच्या मनात येत होतं.

प्रेमदासनं विचारलं, ‘‘पक्षकार कोण आहे?’’

‘‘बाई हाय एक. देवकाबाई. विधवा.’’

‘‘वकीलपत्र सोबत आहे? खालच्या निकालाची नक्कल?’’

रूपरावनं मान हलवली. प्रेमदासनं येताना बाजारातून घेतलेलं आपलं गाठोडं टपावरून उतरवायला सांगितलं नाही, ते वडनेरला जाऊ दे, गावात उतरवून घेतील म्हणाला, आणि सायकलच्या मागच्या कॅरियरवर बसला. नंतर म्हणाला, मीच चालवतो, तुम्ही बसा. मग चोपन्न वर्षांचा मुनशी बस्ता पोटाशी धरून मागं बसला आणि वकील सायकल हाणत निघाला. वाटेत लाकडी बैलांची मिरवणूक आडवी आली तेव्हा रूपराव लेकरांवर असा ओरडला की तसा तो आयुष्यात कधी ओरडला नव्हता.

कोर्टाच्या पायऱ्यांवर प्रेमदासनं कोट झटकून अंगात घातला. पट्टी त्याला नीट बांधता येईना. रूपरावनंच ती त्याच्या गळ्याभोवती बांधली, कॉलर सरळ केली. माठाचा, यशोदाबाईंचा, कशाचाही विचार त्या वेळी त्याच्या डोक्यात आला नाही. तो आला दुसऱ्या दिवशी, आणि तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. जजसाहेब उठायच्या बेतात होते. प्रेमदास पुढं झाला, अपील हाती दिलं आणि म्हणाला की आज मुदतीचा शेवटचा दिवस आहे, प्रभाकरराव वकील गावी आहेत, त्यांच्या वतीनं मी हे दाखल करतो. जजसाहेबांनी कागद चाळले, मग चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. प्रभाकररावांचे नवे ज्युनिअर का तुम्ही, असं विचारलं.

मागं उभा असलेला रूपराव मनात म्हणत होता, हो म्हण बाबा, हो म्हण.

‘‘नाही साहेब,’’ प्रेमदास म्हणाला. ‘‘आज त्यांच्या ऑफिसात जागा मागायला आलो होतो.’’

जजसाहेबांना गंमत वाटली. मग मिळाली का, असं त्यांनी विचारलं.

प्रेमदासनं मागं वळून रूपरावकडं पाहिलं नाही. तो म्हणाला, ‘‘कळवणार आहेत.’’

कोर्टात दोघं-तिघं हसले. जजसाहेबही हसले, आणि अपिलावर तारीख टाकून सही केली. रीडरनं शिक्का मारला. त्या शिक्क्याचा आवाज रूपरावनं पुढं कितीतरी जणांना वर्णन करून सांगितला. तो बाहेर येऊन निंबाच्या पारावर बसला, नव्हे, पडलाच. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय हे त्याला तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

प्रेमदास शेजारी येऊन बसला. साडेपाचच्या मोटारीला वेळ होता. नाक शिंकरून रूपराव म्हणाला की आता कळवायचं काही राहिलं नाही, तुम्ही शुक्रवारपासून या, गुरुवारी चतुर्थीची सुटी आहे. ‘तुम्ही’ परत आलं होतं.

प्रेमदासनं कोट काढून घडी घालून पिशवीत ठेवला. मग म्हणाला, ‘‘मुनशीजी, तुम्ही मला काऊन परत पाठवलं ते मला माहीत आहे. साहेबांना माहीत आहे का?’’

‘‘नाई.’’

‘‘मग त्यांना सांगा. तारीख चुकली ते सांगा की नका सांगू, ते तुमचं तुम्ही पाहा. पण हे सांगा. ऐकूनही त्यांनी बोलावलं तर येईन.’’

एवढं बोलून तो उठला आणि स्टँडकडं चालू लागला. आवाज त्यानं मुळीच चढवला नव्हता.

आता रूपरावची खरी पेशी होती. काही न बोलता सगळं निभावून नेता आलं असतं. कोर्ट चालू होतं, म्हणून एका वकिलाकडून अपील लावून घेतलं, एवढं सांगितलं की साहेबांनी शाबासकीच दिली असती. तो पोरगा वडनेरला वाट पाहत राहिला असता, दोन-चार महिन्यांनी कुठं मास्तर किंवा कारकून झाला असता, आणि रूपरावची तारीख कधी चुकत नाही हा लौकिक तसाच राहिला असता. कबूल केलं तर? साहेब म्हणाले असते, मुनशीजी, आता वय झालं, घरी बसा. चोपन्नाव्या वर्षी दुसऱ्या कोणत्या वकिलानं त्याला ठेवलं असतं? सगळं मनात घोळवत तो मंगळवारी सकाळी ऑफिसात आला, तेव्हाही त्याचं काही ठरलं नव्हतं.

साहेब आले. चहा घेतला. बैलांचं सांगितलं. मग विचारलं, ‘‘काय रूपराव, कोणी मिळाला का?’’

आणि रूपरावच्या तोंडून भडाभडा सगळं निघालं. तो सांगत होता डावीकडं उभा राहून. साहेब म्हणाले, काय? मोठ्यानं सांगा. तेव्हा तीस वर्षं दबक्या आवाजात बोललेल्या त्या माणसानं आपली चूक, यादी, मोटारस्टँड, शिक्का, आणि त्याआधीची ती गोष्ट, सगळं सगळं ओरडून सांगितलं. ओसरीत पक्षकार होते, तानबा होता, आत यशोदाबाई होत्या. सगळ्यांनी ऐकलं. ‘‘महाराचा हाय म्हणून म्या त्याले वापस पाठवलं, साहेब, तुमाले न इचारता,’’ हे वाक्य तर त्याला दोनदा ओरडावं लागलं.

प्रभाकररावांनी यादी मागून घेतली आणि ऑगस्टवर बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘‘तारखेचं जाऊ द्या. ती यादी माझ्याही डोक्यावरच लटकत होती. पण रूपराव, तीस वर्षं तुम्ही माणसं निवडून दिली. मी प्रत्येक वेळी विचारलं, कोण मिळाला. परत कोणाकोणाला पाठवलं, हे मी एकदाही विचारलं नाही.’’

‘‘म्या बी मोजले नाई, साहेब.’’

‘‘दोघांचंही चुकलं.’’

आतून यशोदाबाईंच्या भांड्यांचा आवाज झाला आणि थांबला. साहेबांनी पोस्टकार्ड मागवलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. झाला प्रकार कळला, आपण शुक्रवारी यावे ही विनंती, एवढंच. मग कार्ड रूपरावकडं देताना त्यांनी विचारलं, ‘‘येईल ना पण?’’

रूपराव म्हणाला, ‘‘सांगता येत नाई. आपण त्याची परीक्षा घेऊन राह्यलो होतो, साहेब, पण थो आपलीच घेऊन गेला.’’

‘‘मग? पास झालो का आपण?’’

‘‘शुक्रवारी समजंन.’’

बुधवार गेला. गुरुवारी घरोघर गणपती बसले. शुक्रवारी रूपराव नऊलाच ऑफिसच्या दारात उभा राहिला. पहिली मोटार आली, तिच्यातून तो उतरला नाही. दहा वाजले. रूपरावनं विनाकारण तीन बस्ते सोडून पुन्हा बांधले. साहेब आतून दोनदा डोकावून गेले, काही न विचारता. तानबासुद्धा त्या दिवशी आपल्या आजोबांचं नाव काढत नव्हता. कार्ड पोचलंच नसेल, किंवा पोचलं आणि त्यानं वाचून चुलीत घातलं असेल, आणि तसं असलं तर आपण कोणत्या तोंडानं त्याला दोष देणार, असं रूपरावला वाटायला लागलं. कोर्टाला निघायची वेळ झाली.

पावणेअकराला रस्त्याच्या टोकाला तो दिसला. भरभर चालत येत होता, कोट अंगातच होता. रूपरावनं सोडलेला श्वास आतल्या खोलीपर्यंत ऐकू गेला असेल.

दाराशी येऊन प्रेमदास थांबला. आत पाऊल टाकलं नाही.

‘‘सांगितलं?’’ त्यानं विचारलं.

‘‘सांगतलं,’’ रूपराव म्हणाला. ‘‘लय मोठ्यानं सांगतलं.’’

प्रेमदास पहिल्यांदाच हसला आणि आत आला.